डोलीतला सेनापती

१२ नोव्हेंबर १९४५ रोजी जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरात एक वेगळीच निवडणूक झाली. मतदार होते इंडोनेशियाच्या नुकत्याच जन्मलेल्या सैन्याचे अधिकारी, आणि त्यांना निवडायचा होता आपलाच सरसेनापती. सेनापती सरकार नेमते, सैनिक त्याला मते देऊन निवडत नाहीत, हा जगाचा रिवाज. पण या सैन्याला अजून रिवाजच नव्हते. दोन फेऱ्यांत निकाल लागला नाही. तिसऱ्या फेरीत २२ विरुद्ध २१, अशा एका मताने कर्नल सुदिरमान निवडून आले. तेव्हा त्यांचे वय होते २९. जपानी येण्यापूर्वी ते चिलाचाप नावाच्या गावात प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. हरलेले उमेदवार उरिप सुमोहार्जो ५२ वर्षांचे होते. डचांच्या वसाहती लष्करात मेजरपदापर्यंत पोहोचलेले, युद्धशास्त्र रीतसर शिकलेले. अधिकाऱ्यांनी शिकलेल्या सैनिकाऐवजी शाळामास्तर पसंत केला. उरिप यांनी हा निकाल मान्य केला आणि जवळपास अर्ध्या वयाच्या सेनापतीच्या हाताखाली सेनाप्रमुखाचे कार्यालय सांभाळले.

इंडोनेशियाविषयी आपण मराठी मुसलमान बोलतो, तेव्हा मुस्लिम लोकसंख्येचा आकडा सांगून थांबतो. फार तर रामायण-महाभारताचे खेळ तिथे अजून होतात, हे कौतुकाने सांगतो. त्या देशाचा स्वातंत्र्यलढा आपल्या वाचनात येत नाही. १९४५ ते १९४९ अशी चार वर्षे तो लढा चालला, आणि त्याच काळात आपल्याकडे स्वातंत्र्य आणि फाळणी दोन्ही घडून गेले. त्यामुळे त्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती, हे समजण्यासारखे आहे. पण आज सुदिरमान यांची कहाणी वाचायला हवी, असे आम्हांला वाटते. एक मुसलमान शिक्षक सेनापती झाला याचा अभिमान वाटावा, एवढ्यासाठी नाही. त्या सेनापतीच्या आयुष्याचा एक भाग पुढे फार गाजवला गेला आणि दुसरा झाकून ठेवला गेला. झाकलेला भागच अधिक मोलाचा होता, असे आमचे म्हणणे आहे.

सुदिरमान यांचा जन्म २४ जानेवारी १९१६ रोजी मध्य जावातील पुरबालिंगा भागातल्या एका खेड्यात झाला. आईवडील गरीब होते. मावशीच्या यजमानांनी त्यांना दत्तक घेतले. हे गृहस्थ डच सरकारच्या नोकरीत तालुक्याच्या दर्जाचे अधिकारी होते. निवृत्तीनंतर ते कुटुंब चिलाचापला राहायला गेले, आणि मुलाचे बालपण या बंदराच्या गावी गेले. सरकारी शाळेतून तो राष्ट्रीय बाण्याच्या शाळांत आला. दत्तक वडील १९३४ साली वारले आणि घरची आर्थिक घडी विस्कटली. तरी शिक्षकांच्या मदतीने त्याने शाळा पुरी केली. नमाज-रोज्यातल्या नेमस्तपणामुळे सोबतीची मुले त्याला थट्टेने ‘हाजी’ म्हणत.

मुहम्मदिया ही संस्था अहमद दहलान यांनी १९१२ साली योग्यकर्त्यात काढलेली. शाळा, दवाखाने, अनाथाश्रम यांमधून समाज उभा करायचा, हा तिचा मार्ग. मशिदीइतकेच महत्त्व तिने शाळेला दिले. सुदिरमान तिच्या बालवीर पथकात घडले. सोलो शहरातल्या तिच्या अध्यापक विद्यालयात ते वर्षभर शिकले, पण पैशाअभावी त्यांना परतावे लागले. १९३६ साली चिलाचापच्या मुहम्मदिया शाळेत ते शिक्षक म्हणून रुजू झाले आणि त्याच वर्षी बाटिक कापडाच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीशी, अल्फिया यांच्याशी, त्यांचे लग्न झाले. शिक्षक म्हणून त्यांचा पगार महिना ३ गिल्डर होता. मुख्याध्यापक झाल्यावर तो साडेबारा गिल्डर झाला. हाती अध्यापनाची पदविका नव्हती. पण मुलांना नीती शिकवताना ते पैगंबरांच्या गोष्टी सांगत, तशाच वायांगमधल्याही. वायांग म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. आपल्या सिंधुदुर्गात पिंगुळीचे ठाकर तो करतात, तशाच जातीचा. त्यातल्या कथा बहुतेक महाभारत-रामायणाच्या. अर्जुन आणि भीम सांगून मुलांना सचोटी शिकवताना या ‘हाजी’ मास्तरांच्या ईमानाला धक्का लागला नाही. आपल्याकडे दोन्ही बाजूंच्या शुद्धतावाद्यांनी हे लक्षात घ्यावे.

१९४२ च्या मार्च महिन्यात जपान्यांनी जावा घेतला. तीनशे वर्षे अजिंक्य भासलेली डच सत्ता काही दिवसांत कोसळली. आशियाई माणसाने गोऱ्याला हरवलेले लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पण नवा मालकही मालकच होता. सक्तीची मजुरी आणि धान्याची लूट यांनी जावा हैराण झाला. युद्ध उलटू लागल्यावर जपान्यांनी १९४३ च्या ऑक्टोबरात स्थानिक तरुणांचे ‘पेटा’ नावाचे संरक्षक दल काढले. गावात मान असलेली माणसे त्यांना पलटणींचे प्रमुख म्हणून हवी होती. १९४४ साली सुदिरमान अशा एका पलटणीचे प्रमुख झाले. त्यांचे लष्करी शिक्षण म्हणजे बोगोर येथे मिळालेले थोडके प्रशिक्षण, एवढेच.

१९४५ च्या एप्रिल महिन्यात चिलाचापजवळ पेटाच्या एका तुकडीने जपान्यांविरुद्ध बंड केले. बंड मोडायला सुदिरमान यांना पाठवण्यात आले. बंडखोरांना ठार मारायचे नाही आणि त्यांना आसरा देणारी गावे जाळायची नाहीत, या अटींवर ते गेले. जपान्यांनी अटी मान्य केल्या आणि बंडखोर शरण आले. ज्या माणसाच्या नावाशी पुढे ‘शरण न जाणारा’ हे बिरुद चिकटले, त्याने आपल्या पहिल्या कसोटीत माणसे शरण आणून वाचवली. लढायचे कधी आणि थांबायचे कधी, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात इथूनच सुरू होतो.

१७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकर्णो आणि मोहम्मद हट्टा यांनी जाकार्तात स्वातंत्र्याची घोषणा केली. जपानने शरणागती पत्करून दोनच दिवस झाले होते. नव्या सरकारने लगेच सैन्य उभारले नाही. जिंकून येणारे दोस्त आपल्याला जपानचे हस्तक म्हणतील, ही भीती होती. म्हणून आधी लोकांच्या सुरक्षेची दले निघाली. सुदिरमान यांनी आपल्या बान्युमास भागात असे दल उभे केले आणि जपान्यांची शस्त्रे बोलणी करून, रक्त न सांडता ताब्यात घेतली. रीतसर सैन्याची घोषणा ५ ऑक्टोबरला झाली. सरसेनापती म्हणून सुप्रियादी यांचे नाव जाहीर झाले. जपान्यांविरुद्धच्या ब्लितार बंडाचे ते नायक, पण बंडानंतर ते कुणाला दिसले नव्हते आणि आताही आले नाहीत. खुर्ची रिकामी राहिली आणि त्यातून ती नोव्हेंबरची निवडणूक झाली.

इथे आपला संबंध येतो, आणि तो अभिमानाचा नाही. जपान्यांची शस्त्रे उतरवायला जावात आलेले इंग्रजांचे सैन्य बहुतांशी हिंदी होते. सुराबायात ऑक्टोबरच्या शेवटी उतरलेल्या ब्रिगेडमध्ये मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडची शेतकऱ्यांची मुले, युद्ध संपले म्हणून घराची वाट बघणारी, एका परक्या बेटावर परक्या लोकांच्या स्वातंत्र्यावर बंदूक रोखून उभी करण्यात आली. ३० ऑक्टोबरला त्यांचा ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला आणि १० नोव्हेंबरला सुराबायावर मोठा हल्ला झाला. शहर कित्येक आठवडे जळत होते. हजारो इंडोनेशियन मेले, आणि हिंदी सैनिकही मेले. हिंदी मुसलमान सैनिकांतले कित्येक शेकडा पलटण सोडून इंडोनेशियनांना मिळाले. त्यांच्या नावाचा एखादा दगडही आपल्या इतिहासात नाही, आणि ज्या मराठा सैनिकांनी हुकूम पाळला त्यांचीही आठवण कुणी काढत नाही.

सुदिरमान निवडून आले ते सुराबाया जळत असताना. पंतप्रधान सुतान शाहरीर यांच्या सरकारने त्यांच्या निवडीवर लगेच शिक्कामोर्तब केले नाही. शाहरीर यांना जपान्यांच्या तालमीतले अधिकारी नको होते, आणि सैन्याने आपला सेनापती आपणच निवडावा हेही त्यांना रुचणारे नव्हते. दरम्यान मध्य जावात अम्बारावा इथे इंग्रजी फौज अडकली होती. तिथे सुदिरमान यांचा एक जवळचा सहकारी नोव्हेंबरात पडला. १२ डिसेंबरच्या पहाटे त्यांनी दोन्ही बाजूंनी वेढा आवळत हल्ला केला. कोळंबीच्या नांग्यांवरून जावाचे लोक त्या डावपेचाला नाव देतात. चार दिवसांच्या लढाईनंतर १५ डिसेंबरला इंग्रजी फौज सेमारांगकडे हटली. १८ डिसेंबरला सरकारने सुदिरमान यांची नेमणूक कायम केली. म्हणजे सरकारने नेमण्याआधी त्यांना अधिकाऱ्यांच्या मतांनी आणि रणांगणाने निवडले होते. या सैन्याला त्यामुळे जन्मापासूनच एक समजूत चिकटली. आपण सरकारने घडवलेले नाही, आपण आपले आपणच घडलो, अशी ती समजूत. तिचे बरे आणि वाईट दोन्ही परिणाम पुढे दिसतात.

सुदिरमान यांना आपण देवमाणूस करू नये. राजकारणापासून ते दूर होते, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते ते खरे नाही. डचांशी वाटाघाटी करून थोडे थोडे मिळवावे, हे शाहरीर यांचे धोरण. आधी शंभर टक्के स्वातंत्र्य आणि मग बोलणी, ही तान मलाका यांची मागणी, आणि सुदिरमान यांचा कल तिकडे होता. १९४६ च्या जून महिन्याच्या अखेरीस सैन्याच्या एका गटाने शाहरीर यांना सोलो शहरात पळवून नेले. ३ जुलैला योग्यकर्त्याचे विभागीय सेनाप्रमुख सुदर्सोनो मंत्रिमंडळ बदलण्याचा मसुदा घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या दारी गेले. सुकर्णो यांनी सही केली नाही आणि त्या सर्वांना अटक झाली. या प्रकरणात सुदिरमान यांची भूमिका काय होती, यावर इतिहासकार आजही भांडतात. पण त्या दिवशी सत्ता बळकावायची असती, तर फौज त्यांच्या हाती होती. त्यांनी ती वापरली नाही. कडेपर्यंत जाऊन थांबलेला माणूस कडेला कधी न गेलेल्यापेक्षा आपल्याला अधिक शिकवतो.

पुढची दोन वर्षे मनस्तापाची गेली. लिंगारजाती करार झाला आणि डचांनी २१ जुलै १९४७ रोजी हल्ला करून तो फाडला. या हल्ल्याला त्यांनी ‘पोलिस कारवाई’ असे सोज्वळ नाव दिले. हैदराबादची आठवण असलेल्या आपल्या वाचकांना हा शब्द अनोळखी नाही. १९४८ च्या जानेवारीत रेनव्हिल या अमेरिकन जहाजावर दुसरा करार झाला. त्याप्रमाणे न हरलेल्या प्रदेशातून हजारो सैनिकांना माघार घ्यावी लागली. आपण रणांगणावर राखलेली जमीन राजकारणी टेबलावर देऊन टाकतात, ही सल सैन्यात रुजली. त्यातच पैसा नाही म्हणून हट्टा यांच्या सरकारने सैन्यकपात काढली. उरिप यांनी राजीनामा दिला, आणि १७ नोव्हेंबर १९४८ रोजी हृदयविकाराने ते वारले. सप्टेंबरात मादियुन येथे कम्युनिस्टांचे बंड झाले आणि सैन्याला आपल्याच माणसांवर गोळ्या झाडाव्या लागल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत सुदिरमान कोसळले. क्षयरोग निघाला. योग्यकर्त्यातल्या एका कॅथलिक रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि एक फुप्फुस निकामी करावे लागले.

१९ डिसेंबर १९४८ च्या पहाटे डचांनी योग्यकर्त्याच्या विमानतळावर छत्रीधारी सैनिक उतरवले. शहर प्रजासत्ताकाची राजधानी होती. सुदिरमान यांना रुग्णालयातून घरी येऊन काही आठवडेच झाले होते. त्यांनी सर्व फौजांना ठरलेल्या गनिमी योजनेप्रमाणे लढण्याचा हुकूम काढला आणि ते राष्ट्राध्यक्षांकडे गेले. हल्ला झाला तर मी स्वतः रानात जाऊन लढ्याचे नेतृत्व करीन, असे सुकर्णो यांनी पूर्वी जाहीर केले होते. आता मंत्रिमंडळाने शहरातच राहायचे ठरवले. सुकर्णो यांनी आजारी सेनापतीलाही थांबून उपचार घ्यायला सांगितले. सुदिरमान थांबले नाहीत. डॉक्टर आणि मोजकी माणसे घेऊन ते दक्षिणेकडे निघाले. त्याच दिवशी सुकर्णो, हट्टा आणि मंत्री डचांच्या कैदेत गेले.

मग सुरू झाला सात महिन्यांचा तो प्रवास. वाट अशी की घोडाही चालेना, आणि सेनापतीला तर चालताच येत नव्हते. खेड्यापाड्यांतल्या लोकांनी त्यांना डोलीत घालून खांद्यावर वाहिले. आपल्या सह्याद्रीतल्या वाड्यांवर आजारी माणसाला रस्त्यापर्यंत आणतात, तशीच ती डोली. गुनुंग किदुलचे उजाड चुनखडीचे डोंगर, मग वोनोगिरी, पोनोरोगो, केदिरी, विलिस पर्वताचे रान. डच मागावर होते. एकदा एका सहकाऱ्याने सेनापतीचा वेश घेऊन दुसरीच वाट धरली आणि पाठलाग चुकवला. शेवटी पाचितान भागातल्या सोबो या डोंगरी खेड्यात तळ पडला आणि तीन महिन्यांहून अधिक काळ तिथूनच लढ्याची सूत्रे हलली. जावातल्या सैन्याची रोजची व्यवस्था अब्दुल हारिस नासुतियोन हा तरुण अधिकारी पाहत होता. सुमात्रात साफ्रुद्दीन प्रवीरानेगारा यांनी हंगामी सरकार उभे केले होते. सुदिरमान यांनी त्या सरकारला मान दिला. हे विसरता कामा नये. मुलकी नेते कैदेत असताना देशाची सत्ता आपल्याकडे आली, असे त्यांनी जाहीर केले नाही.

जगात या हल्ल्याचा निषेध झाला, त्यात भारत पुढे होता. आपल्या सरकारने डच विमानांना आपल्या आकाशातून जाण्याची मनाई केली. जवाहरलाल नेहरूंनी १९४९ च्या जानेवारीत दिल्लीत इंडोनेशियाच्या प्रश्नावर आशियाई परिषद बोलावली, आणि २८ जानेवारीला सुरक्षा समितीने कैद्यांची सुटका आणि सत्तांतर यांची मागणी करणारा ठराव केला. तीन वर्षांपूर्वी ज्या देशाचे जवान सुराबायात इंग्रजांसाठी लढले, तो देश स्वतंत्र होताच दुसऱ्या बाजूला उभा राहिला.

१ मार्च १९४९ रोजी सैन्याने दिवसाढवळ्या योग्यकर्त्यात शिरून शहर सहा तास ताब्यात ठेवले. सैनिकी दृष्ट्या हा विजय मोठा नव्हता. पण प्रजासत्ताक मेले, सैन्य संपले, हा डचांचा दावा खोटा ठरला. हल्ल्याचे प्रत्यक्ष नेतृत्व केले सुहार्तो नावाच्या एका लेफ्टनंट कर्नलने. कल्पना कुणाची, यावर पुढे वाद झाला. योग्यकर्त्याचे सुलतान हामेंकुबुवोनो नववे यांची, असे एक मत. सुहार्तो यांनी ती आपली म्हटली. हे नाव आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

७ मे १९४९ रोजी करार झाला. नेते सुटले, ६ जुलैला सुकर्णो-हट्टा योग्यकर्त्यात परतले. सुदिरमान यांना हा करारही मान्य नव्हता. आधीचे दोन करार डचांनी मोडले होते, तिसरा ते का पाळतील? डोंगरातून परत यायला ते तयार नव्हते. सुलतानांचा निरोप गेला, कर्नल गातोत सुब्रोतो या जुन्या स्नेह्याने पत्र लिहून विनवले. अखेर १० जुलैला ते डोलीतून शहरात आले. अंगात ढगळ कोट, डोक्याला जावाच्या पद्धतीचा फेटा, गालफडे बसलेली. त्या भेटीचे छायाचित्र इंडोनेशियात घराघरांत माहीत आहे. सुकर्णो त्यांना मिठी मारत आहेत आणि सुदिरमान यांचा चेहरा कठोर आहे.

खरी कसोटी यानंतरची. ऑगस्टच्या सुरुवातीला युद्धबंदीचा हुकूम काढायचा होता. सुदिरमान यांनी सुकर्णो यांना गनिमी लढा चालू ठेवण्याची विनंती केली. सुकर्णो यांनी नकार दिला. सुदिरमान यांनी राजीनाम्याची भाषा केली, सरकारच्या धरसोडीने उरिपचा जीव घेतला आणि आपला आजार वाढवला, असे बोलून दाखवले. तुम्ही गेलात तर मीही जातो, असे सुकर्णो यांचे उत्तर. सेनापती गेला तर सैन्य फुटेल, सैन्य फुटले तर देश फुटेल, हे सुदिरमान यांना दिसत होते. त्यांनी राजीनामा पुढे रेटला नाही. ११ ऑगस्टला जावात युद्धबंदी लागू झाली. सैन्याने ती पाळली.

या जागी थोडे थांबून विचार करावा, असे आम्ही वाचकांना सुचवतो. सारा देश ज्याला न झुकलेला म्हणून ओळखत होता, ज्याचे राजकीय वरिष्ठ कैदेत गेले आणि जो स्वतः गेला नाही, त्याच्यापाशी तेव्हा नैतिक अधिकार, फौज आणि लोकांचे प्रेम तिन्ही होते. सरकार चुकते आहे, अशी त्याची मनापासून खात्री होती. तरी शेवटचा शब्द त्याने सरकारचा मानला. आणि या वेळी त्याचा अंदाज चुकला, सरकारचा बरोबर ठरला. हेगच्या परिषदेनंतर २७ डिसेंबर १९४९ रोजी डचांनी सार्वभौमत्व सोपवले. डोलीशिवाय वाटाघाटींना वजन आले नसते, हे खरे. पण वाटाघाटींशिवाय ती डोली किती वर्षे फिरली असती, कोण जाणे. दोघांना एकमेकांची गरज होती. सुदिरमान यांनी हे कदाचित मनाने नाही, पण कृतीने कबूल केले.

स्वतंत्र देश त्यांनी जेमतेम महिनाभर पाहिला. २६ जानेवारी १९५० रोजी दिल्लीत भारताच्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला सुकर्णो प्रमुख पाहुणे होते. त्यानंतर तीनच दिवसांनी, २९ जानेवारीला, मागेलांग येथे सुदिरमान वारले. वय ३४. मागे पत्नी आणि सात मुले.

आता त्यांच्या मरणानंतरची गोष्ट. गनिमी काळात जावावर लष्करी प्रशासन जाहीर झाले होते. खेड्यातला सैनिकी अधिकारी धान्य गोळा करी, तंटे सोडवी, कर घेई. लढाईपुरती ती गरज होती. लढाई संपल्यावर सवय राहिली. १७ ऑक्टोबर १९५२ रोजी, सुदिरमान यांना जाऊन तीन वर्षेही झाली नव्हती, सैन्याने राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर तोफा रोखून संसद बरखास्त करण्याची मागणी केली. सुकर्णो यांनी ती धुडकावली. १९५८ साली नासुतियोन यांनी सैन्यासाठी ‘मधला मार्ग’ मांडला: सत्ता बळकावायची नाही, पण राज्यकारभारापासून दूरही राहायचे नाही. १९६५ नंतर हा मार्ग सुहार्तो यांना सरळ सत्तेपर्यंत घेऊन गेला. कम्युनिस्ट म्हणून निदान पाच लाख माणसे मारली गेली, आणि पुढची बत्तीस वर्षे सैन्याचे ‘दुहेरी कार्य’ हा राज्याचा सिद्धांत झाला. संसदेत सैन्याला राखीव जागा मिळाल्या. एका काळी पाचशेपैकी शंभर.

या राजवटीला पुरावा हवा होता. तो सुदिरमान यांच्या डोलीत सापडला. १९६८ सालच्या सगळ्या नोटांवर त्यांचे चित्र आले. राजधानीच्या हमरस्त्याला त्यांचे नाव होतेच. शाळेत मुले शिकली: राजकारणी शरण गेले, सैन्य गेले नाही, म्हणून देश राखण्याचा हक्क सैन्याचा. १९७९ साली १ मार्चच्या हल्ल्यावर चित्रपट निघाला, त्यात सुहार्तो यांची थोरवी ठसठशीत होती. १९९७ साली पाच ताऱ्यांचे जनरलपद तिघांना मिळाले: सुदिरमान, नासुतियोन आणि स्वतः सुहार्तो. मेलेल्याच्या पंगतीत जिवंत माणसाने आपले पान मांडून घेतले. १९४९ चा ऑगस्ट मात्र पाठ्यपुस्तकात फिका राहिला. डोलीतून डोंगरात गेलेला सेनापती राजवटीला हवा होता. डोलीतून परत आलेला, पटत नसतानाही हुकूम पाळणारा, तिच्या कामाचा नव्हता.

१९९८ साली सुहार्तो पायउतार झाले. २००४ साली संसदेतल्या सैन्याच्या राखीव जागा संपल्या. सैन्य बराकीत परतले, असे वाटले. २०२२ साली सरकारने १ मार्च हा राष्ट्रीय दिवस ठरवला आणि त्या आदेशात सुहार्तो यांचे नावही नव्हते. पण पारडे पुन्हा हलले. २० मार्च २०२५ रोजी संसदेने लष्कराचा कायदा बदलला आणि सेवेतील अधिकाऱ्यांना ज्या मुलकी खात्यांत बसता येते, त्यांची संख्या दहावरून चौदा केली. विद्यार्थी रस्त्यावर आले. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला, सुराबायाच्या लढाईच्या दिवशी, सुहार्तो यांना राष्ट्रवीर हा किताब मरणोत्तर देण्यात आला. तेव्हा सुदिरमान यांचा वारसा कुणाचा, हा प्रश्न तिथे जुना झालेला नाही.

आणि आपल्याला या प्रश्नाशी काय करायचे? आपण इतिहासात सेनापती शोधतो. तलवार, घोडा, किल्ला यांनी आपली मान ताठ होते. मराठी मुलखात तर हा शोध दोन्ही समाजांत चालतो, आणि प्रत्येक जण आपल्या वीराचे सोयीचे तेवढे पान फाडून घेतो. मुस्लिम देशांच्या बाबतीत आपली आणखी एक खोड आहे. पाकिस्तानपासून अल्जीरियापर्यंत स्वातंत्र्याचे सैन्य स्वातंत्र्याच्याच छातीवर बसलेले पाहून काही जण म्हणतात, मुसलमानांच्या रक्तातच लोकशाही नाही. आणि आपल्यातले काही जण खंबीर हुकूमशहाचे गोडवे गातात. दोघांनाही मुहम्मदिया शाळेतला हा मास्तर उत्तर देऊ शकतो. त्याने रोजे-नमाज सोडले नाहीत, बंदूकही सोडली नाही, आणि बंदूक मुलकी सरकारच्या शब्दापुढे खाली ठेवली. पाच वक्त नमाज पढणाऱ्या माणसाला हे जमले. त्याच्या नावाने राज्य करणाऱ्यांना जमले नाही, तो दोष धर्माचा नव्हता, सत्तेच्या चटकेचा होता.

योग्यकर्त्याच्या सेमाकी स्मशानभूमीत सुदिरमान यांची कबर उरिप सुमोहार्जो यांच्या शेजारी आहे. एका मताने जिंकलेला आणि एका मताने हरलेला शेजारी-शेजारी झोपले आहेत. हरलेल्याने तक्रार न करता जिंकलेल्याच्या हाताखाली काम केले आणि जिंकलेल्याने पुढे सरकारचे ऐकले. इंडोनेशियाच्या सैन्याची सुरुवात या दोघांपासून झाली. ती सुरुवात लक्षात ठेवायची की विसरायची, हे आता तिथल्या लोकांच्या हाती आहे.